फ्रेजल व्हर्ब वापरायची कशी: शेपूट, 'इट'ची जागा आणि मराठीतून येणाऱ्या चुका

ऑफिसची ईमेल बिनचूक लिहिणारा, इंग्रजी पेपर रोज वाचणारा माणूससुद्धा 'द मीटिंग हॅज बीन पुश्ड बॅक' हे वाक्य कानावर आलं की क्षणभर अडखळतो. पुश म्हणजे ढकलणं, बॅक म्हणजे मागे. मग मीटिंग अलीकडे आली की लांबली? दोन्ही शब्द शाळेत पहिल्या वर्षी शिकलेले, तरी जोडीचा अर्थ हाती लागत नाही. मीटिंग लांबली, हे आधी सांगून टाकतो. का, ते पुढे येईलच.

क्रियापद आणि त्याला चिकटलेला अप, ऑफ, आउट, डाउन असा छोटा शब्द, दोघांचा मिळून वेगळाच अर्थ, या जोडीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकातून रूढ झालं. ते त्यांना ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं होतं. त्या छोट्या शब्दाला व्याकरणात पार्टिकल म्हणतात. आपण त्याला शेपूट म्हणू, म्हणजे लक्षात राहील.

ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही, हे सगळ्यात आधी मनात पक्कं करा. 'खा', 'खाऊन टाक', 'खाऊन घे', 'खाऊन बघ' ही चार वाक्यं चार वेगळ्या गोष्टी सांगतात. 'खाऊन टाक' मध्ये कुणी काही टाकत नाही, तिथे 'टाक' म्हणजे संपव. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, कानानं उचललेलं असतं. इंग्रजी हेच काम दुसरं क्रियापद जोडून न करता शेपूट जोडून करतं. 'खाऊन टाक' म्हणजे 'ईट इट अप', 'लिहून घे' म्हणजे 'राइट इट डाउन', 'घालून बघ' म्हणजे 'ट्राय इट ऑन', 'विचार करून बघ' म्हणजे 'थिंक इट ओव्हर'. शब्दाला शब्द जुळणार नाही, पण पद्धत ओळखीची आहे. ज्यांना हे सांगितलं जात नाही ते पाचशे फ्रेजल व्हर्बची यादी आणतात, पाठ करतात आणि महिन्याभरात विसरतात.

लिहिण्याबद्दल एक सूचना. इथे इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, म्हणून 'ऑफ' आणि 'ऑव्ह' मुद्दाम वेगळे लिहिले आहेत. स्पेलिंगमध्ये दोन एफ असलेला तो 'ऑफ', एकच एफ असलेला तो 'ऑव्ह'. बोलताना आपण दोघांना 'ऑफ' म्हणतो आणि मग लिहितानाही एक एफ गळतो. 'गेट ऑफ' आणि 'आउट ऑव्ह' यांत हा फरक सांभाळावाच लागतो.

पायरी पहिली: कमी निवडा

डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी २००७ मध्ये ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या १० कोटी शब्दांच्या संग्रहातली फ्रेजल व्हर्ब मोजली. फक्त २० क्रियापदं आणि ८ शेपटं यांच्या जोड्यांनीच निम्म्याहून जास्त वापर व्यापला होता. ती क्रियापदं अशी: गो, कम, टेक, गेट, सेट, कॅरी, टर्न, ब्रिंग, लुक, पुट, पिक, मेक, पॉइंट, सिट, फाइंड, गिव्ह, वर्क, ब्रेक, होल्ड, मूव्ह. शेपटं: आउट, अप, ऑन, बॅक, डाउन, इन, ऑफ, ओव्हर. सुरुवात इथून करा. यातला प्रत्येक शब्द तुम्हाला आधीच येतो, म्हणजे नवीन स्पेलिंग एकही शिकायचं नाही.

आणखी एक आयता साठा घरातच आहे. मेकअप, चेकअप, ब्रेकअप, बॅकअप, पिकअप, लॉकडाउन, टेकऑफ, हँडओव्हर, क्रिकेटमधला रनआउट आणि फॉलोऑन ही नामं मराठीत रुळली आहेत. त्यातल्या बहुतेकांना सुटं केलं की क्रियापद मिळतं. बॅकअपवरून 'बॅक अप युअर फोटोज', टेकऑफवरून 'द प्लेन टुक ऑफ', ब्रेकअपवरून 'दे ब्रोक अप'.

पायरी दुसरी: शेपटाचा कल ओळखा

प्रत्येक शेपटाला एक कल असतो. तो नियम नाही, पण अंदाज बांधायला पुरतो.

'अप' मध्ये वर जाणं आहेच, पण त्याहून जास्त कामाचा अर्थ म्हणजे पूर्ण होणं, संपणं. आपला 'टाकणे' इथे बसतो. 'यूज अप द ऑइल' म्हणजे तेल वापरून संपवणं, 'टेअर अप द लेटर' म्हणजे पत्र फाडून टाकणं, 'फिल अप द टँक' म्हणजे टाकी पूर्ण भरणं. नुसतं 'टेअर' म्हटलं तर कागद कोपऱ्यात फाटला असंही होऊ शकतं. 'अप' लागला की तुकडे झाले.

'ऑफ' म्हणजे तुटणं, सुटणं, दूर होणं. 'टेक ऑफ युअर शूज' मध्ये बूट पायापासून सुटतात, 'टर्न ऑफ' मध्ये वीज दिव्यापासून तुटते, 'सेट ऑफ' मध्ये माणूस घरापासून निघतो, 'कॉल ऑफ' मध्ये ठरलेली गोष्टच रद्द होते.

'आउट'ला तीन वाटा आहेत. बाहेर येणं, संपून जाणं आणि उघड होणं. 'टेक आउट' पहिल्या वाटेवरचा. दुसऱ्या वाटेवर 'वी रॅन आउट ऑव्ह सॉल्ट', घरातलं मीठ संपलं. तिसऱ्यावर 'फाइंड आउट', माहिती काढणं किंवा कळणं, आणि 'वर्क आउट', हिशेब किंवा उपाय शोधून काढणं. वीज गेली की आपण 'लाइट गेली' म्हणतो आणि त्यावरून 'लाइट हॅज गॉन' तयार करतो. इंग्रजीत शेपूट हवं: 'द पॉवर हॅज गॉन आउट'.

'डाउन' म्हणजे खाली, कमी, थंड किंवा बंद: 'स्लो डाउन', 'काम डाउन', 'ब्रेक डाउन'. कागदावर उतरवणं हाही त्याचाच भाग, म्हणून 'राइट डाउन'. 'बॅक' परत करण्यासाठी, 'ओव्हर' एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यासाठी किंवा पुन्हा एकदा नजर फिरवण्यासाठी, 'ऑन' अंगावर चढवण्यासाठी आणि चालू ठेवण्यासाठी. 'ओव्हर' काठावरूनही जातो: दूध उतू गेलं याला 'द मिल्क बॉइल्ड ओव्हर' इतकं सरळ वाक्य आहे.

कल पाहून अर्थ लावला तरी एकदा शब्दकोशात खात्री करून घ्या. 'पुट अप विथ' म्हणजे खपवून घेणं, हे 'अप' आणि 'विथ' कडे कितीही टक लावून पाहिलं तरी सुचणार नाही. असे मोजके अर्थ सरळ लक्षात ठेवावे लागतात.

पायरी तिसरी: 'इट' कुठे बसतो

चुका सगळ्यात जास्त इथे होतात, आणि अर्थ येत असूनही बोलणं कच्चं वाटतं ते याचमुळे. त्यामुळे इथे घाई नको.

पहिला गट कर्म नसलेला. 'वेक अप', 'सिट डाउन', 'द कार ब्रोक डाउन'. इथे काही घोळच नाही.

दुसरा गट सुटणारा. दिवा बंद कर, याला दोन्ही चालतात: 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ'. पण 'द लाइट' ऐवजी 'इट' आला की एकच जागा उरते, मधली. 'टर्न इट ऑफ' बरोबर, 'टर्न ऑफ इट' चूक. 'पिक मी अप', 'कॉल हर बॅक', 'पुट देम अवे', 'थ्रो इट अवे'. इट, देम, हिम, हर, मी, अस, यू यांच्यापैकी कोणीही असलं तरी ते मध्येच जातं. कारण असं की इंग्रजी वाक्यात नवी, वजनदार माहिती शेवटाकडे जाते. 'इट' म्हणजे जे आधीच बोलून झालंय ते. त्याला वजन नाही. शेवटची जागा 'ऑफ'ला मिळते, कारण बातमी तीच आहे: बंद कर.

हेच कारण उलट्या बाजूनंही लागू पडतं. कर्म लांबलचक असेल तर ते मध्ये कोंबू नका. 'शी टर्न्ड द ऑफर दॅट केम फ्रॉम द नाशिक ऑफिस डाउन' ऐकताना 'डाउन' येईपर्यंत ऐकणारा टांगून राहतो. 'शी टर्न्ड डाउन द ऑफर दॅट केम फ्रॉम द नाशिक ऑफिस' म्हणा.

तिसरा गट न सुटणारा. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं. 'लुक आफ्टर द बेबी', 'लुक आफ्टर हर'. 'लुक हर आफ्टर' कधीच नाही. 'लुक इनटू इट', 'लुक फॉर इट', 'गेट ओव्हर इट', 'रन इनटू हिम' हे सगळे इथले. रन इनटू म्हणजे कुणी अचानक भेटणं.

चौथा गट दोन शेपटांचा, तोही सुटत नाही: 'पुट अप विथ', 'रन आउट ऑव्ह', 'कॅच अप विथ', 'कट डाउन ऑन', 'गेट अलाँग विथ', 'लुक फॉरवर्ड टू'. कर्म नेहमी सगळ्यात शेवटी: 'आय कान्ट पुट अप विथ इट'.

एखादी जोडी दुसऱ्या गटातली की तिसऱ्या, हे कळायला दोन उपाय आहेत. पहिला उपाय शब्दकोश. ऑक्सफर्ड आणि लाँगमन यांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दकोशांत सुटणाऱ्या जोडीच्या मध्ये दोन टोकांचा बाण छापलेला असतो. बाण असेल तर 'इट' मध्ये, नसेल तर शेवटी. दुसरा उपाय कानाचा. सुटणाऱ्या जोडीत जोर शेपटावर पडतो: 'टर्न इट ऑफ' म्हणताना 'ऑफ' ठळक. न सुटणाऱ्या जोडीत जोर बहुतेक वेळा क्रियापदावर: 'लुक आफ्टर हर' मध्ये 'लुक' ठळक आणि 'आफ्टर' हलका. आपण दोन्ही शब्द सारख्याच वजनानं म्हणतो, म्हणून हा फरक कानाला जाणवत नाही. एखादी मुलाखत ऐकताना पाच मिनिटं फक्त जोर कुठे पडतो एवढंच ऐका.

एकच जोडी दोन गटांत असू शकते, आणि तिथे अर्थ पार बदलतो. 'ही टर्न्ड इट ऑन' म्हणजे त्यानं ते चालू केलं. 'द डॉग टर्न्ड ऑन हिम' म्हणजे कुत्रा त्याच्यावर उलटला.

पायरी चौथी: काळ बदला, शेपूट नको

काळ, वचन, आयएनजी, जे काही लागायचं ते क्रियापदाला लागतं. शेपूट जसंच्या तसं राहतं. 'गिव्ह अप, गेव्ह अप, गिव्हन अप', 'फॉलो अप, फॉलोड अप', 'लॉग इन, लॉग्ड इन'. ऑफिसच्या चॅटमध्ये 'फॉलोअप्ड' आणि 'लॉगिन्ड' दिसतात ते चूक. ही चूक होते कारण जोडी एकत्र लिहिली जाते. क्रियापद असेल तेव्हा सुटं लिहायचं, नाम असेल तेव्हा एकत्र किंवा मध्ये छोटी रेघ. 'प्लीज लॉग इन' मध्ये दोन शब्द, 'युअर लॉगिन' मध्ये एक. बोलताना नामाचा जोर पहिल्या भागावर येतो. 'वी नीड टू सेट अप द रूम' मध्ये 'अप' ठळक, 'नाइस सेटअप' मध्ये 'सेट' ठळक.

शेपटानंतर दुसरं क्रियापद आलं तर त्याला बहुतेक वेळा आयएनजी: 'ही गेव्ह अप स्मोकिंग', 'ही कीप्स ऑन आस्किंग'. 'लुक फॉरवर्ड टू' मध्ये 'टू' दिसल्यामुळे हात आपोआप 'मीट' लिहितो. तिथेही 'मीटिंग' हवं: 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'. खात्री करायची असेल तर क्रियापदाच्या जागी नाम ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू द ट्रिप' चालतं ना? मग हा 'टू' शब्दयोगी आहे आणि त्याच्यापुढे आयएनजीच येणार.

एक मराठी शब्द, अनेक इंग्रजी वाटा

शब्दकोश इंग्रजीकडून मराठीकडे येतो. बोलताना मात्र आपण मराठीकडून इंग्रजीकडे निघतो, म्हणून मराठी क्रियापद धरून शिकलेलं जास्त टिकतं. 'काढणे' घ्या. चपला काढ: 'टेक ऑफ'. पिशवीतून डबा काढ: 'टेक आउट'. कर्ज काढलं: 'टुक आउट अ लोन', इथे दोन्ही भाषा चक्क जुळतात. विषय काढला: 'ब्रॉट इट अप'. फोटो काढला: नुसतं 'टुक अ फोटो', शेपूट नाही. हलाखीत दिवस काढले: 'गॉट बाय'. आणि कामावरून काढलं याला इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत. कंपनीनं खर्च कमी करायला माणसं कमी केली तर 'ही वॉज लेड ऑफ'. त्याच्याच चुकीमुळे काढलं तर 'ही वॉज फायर्ड'. नोकरीच्या मुलाखतीत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. मराठीतल्या एका 'काढलं' मध्ये तो झाकला जातो.

'सोडणे'चंही तसंच. मला स्टेशनवर सोड: 'ड्रॉप मी ऑफ ॲट द स्टेशन'. सिगारेट सोडली: 'गेव्ह अप'. शाळा अर्ध्यावर सोडली: 'ड्रॉप्ड आउट'. यादीतलं एक नाव सोडलं: 'लेफ्ट आउट'. पोलिसांनी समज देऊन सोडलं: 'लेट हिम ऑफ विथ अ वॉर्निंग'. हात सोड: 'लेट गो ऑव्ह माय हँड'.

'उतरणे' इंग्रजीत वाहन बघून बदलतं. बस, लोकल, विमान, मोटारसायकल, सायकल यांच्यावरून 'गेट ऑफ'. मोटार, टॅक्सी, रिक्षा यांच्यातून 'गेट आउट ऑव्ह'. खूण अशी: ज्यात उभं राहून चालता येतं किंवा ज्यावर टांग टाकून बसतात तिथे ऑन आणि ऑफ, ज्यात वाकून शिरावं लागतं तिथे इन आणि आउट. 'गेट डाउन फ्रॉम द बस' भारतात सर्रास चालतं, पण बाहेरच्या माणसाच्या कानाला ते शिडीवरून उतरल्यासारखं लागतं.

'घालणे' म्हणजे अंगावर चढवण्याची क्रियाही आणि अंगावर असणंही. इंग्रजीत क्रियेला 'पुट ऑन', असण्याला 'वेअर'. 'शी इज पुटिंग ऑन अ हेल्मेट' म्हणजे ती या क्षणी हेल्मेट चढवते आहे, 'शी इज वेअरिंग अ हेल्मेट' म्हणजे तिच्या डोक्यावर आहे. तशीच जोडी जाग येणं आणि अंथरुणातून उठणं यांची: 'आय वोक अप ॲट फाइव्ह बट गॉट अप ॲट सिक्स'.

'वाढणे' आणि 'वाढवणे' मध्ये तर जवळजवळ प्रत्येक जण घसरतो. मी साताऱ्यात वाढलो: 'आय ग्र्यू अप इन सातारा'. आजीनं मला वाढवलं: 'माय ग्रँडमदर ब्रॉट मी अप'. या दोघांची सरमिसळ होऊन 'आय वॉज ग्रोन अप इन सातारा' तयार होतं, ते चूक. 'आय वॉज ब्रॉट अप इन सातारा' म्हणा.

शोधणं आणि सापडणं यांचीही अशीच गल्लत होते. किल्ल्या शोधतोय: 'आय ॲम लुकिंग फॉर माय कीज'. 'आय ॲम सर्चिंग माय कीज' चा अर्थ किल्ल्यांचीच झडती घेतोय असा होतो. सापडल्या: 'आय फाउंड देम'. इथे 'आउट' लावायचा नाही. 'फाइंड आउट' वस्तूसाठी नसतं, माहितीसाठी असतं.

मीटिंग मागे की पुढे

आता पहिल्या वाक्याकडे. मराठीत काम लांबलं की ते आपण 'पुढे ढकलतो', कारण आपल्या डोळ्यांसमोर तारखा पुढे धावत असतात. इंग्रजीत तेच काम 'पुश बॅक' होतं: ते माझ्यापासून मागे, लांब सरकवलं. अलीकडे घेतलं तर 'ब्रिंग फॉरवर्ड', माझ्या दिशेनं पुढे ओढलं. म्हणजे दिशा नेमकी उलटी. 'पुढे ढकलली' याचं शब्दशः 'पुश्ड फॉरवर्ड' किंवा 'मूव्ह्ड फॉरवर्ड' केलं तर समोरच्याला मीटिंग अलीकडे आली असं वाटण्याचा धोका आहे, आणि तो चुकीच्या दिवशी येऊन बसेल. 'प्रीपोन' भारतात सगळ्यांना कळतं, परदेशी सहकाऱ्याला कळेलच असं नाही. त्याच्याशी बोलताना 'ब्रॉट फॉरवर्ड टू ट्यूझडे' म्हणा. वार किंवा तारीख नेहमी जोडा, मग शेपटाचा घोटाळा झाला तरी माणूस वेळेवर येतो.

याच्याच शेजारचा गोंधळ म्हणजे 'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ'. पहिला लांबणीवर टाकणं, दुसरा रद्द करणं.

आपल्याकडच्या इंग्रजीतले खड्डे

'कोप अप विथ' हे 'कॅच अप विथ' आणि 'कीप अप विथ' यांच्या संगतीनं बिघडलेलं आहे. बरोबर रूप 'कोप विथ', अपशिवाय. 'रिटर्न बॅक' मध्ये 'बॅक' जास्तीचा, कारण परत येणं 'रिटर्न' मध्येच आहे. 'गो बॅक' आणि 'गिव्ह बॅक' ला मात्र तो लागतो. 'डिस्कस अबाउट' मधला 'अबाउट' काढून टाका. फॉर्म भरणं म्हणजे 'फिल इन' किंवा 'फिल आउट', 'फिल अप' टाकीसाठी ठेवा. 'आय पास्ड आउट इन २०१९' हे पुण्यात पदवी झाल्याचं वाक्य आहे, पण परदेशी मुलाखतकार ते 'मी बेशुद्ध पडलो' असं ऐकेल. 'आय ग्रॅज्युएटेड इन २०१९' सुरक्षित. फोन ठेवणं म्हणजे 'हँग अप', उचलणं म्हणजे 'पिक अप'. 'कट द कॉल' आपल्यापुरतं आहे. दिवा 'क्लोज' होत नाही आणि पंखा 'ओपन' होत नाही, दोघांनाही 'टर्न' किंवा 'स्विच' लागतं. गॅस बारीक करायचा तर 'टर्न इट डाउन', मोठा करायचा तर 'टर्न इट अप'.

कुठे वापरावं, कुठे टाळावं

इंग्लंडमध्ये १०६६ नंतर नॉर्मन राजवट आली, दरबार आणि न्यायालय फ्रेंच-लॅटिन शब्दांनी भरले आणि घरगुती बोलणं जुन्या इंग्रजीत राहिलं. म्हणून आजही एका अर्थाला दोन शब्द सापडतात: 'पुट ऑफ' आणि 'पोस्टपोन', 'लुक इनटू' आणि 'इन्व्हेस्टिगेट', 'पुट अप विथ' आणि 'टॉलरेट'. आपल्याकडे 'पुढे ढकलणे' आणि 'स्थगित करणे', 'खपवून घेणे' आणि 'सहन करणे' यांत जे अंतर आहे तेच हे. जेवताना कुणी 'कार्यक्रम स्थगित करूया' म्हणत नाही. पुस्तकातून इंग्रजी शिकलेल्यांना लॅटिन वळणाचा शब्द आधी येतो, म्हणून त्यांचं बोलणं सरकारी परिपत्रकासारखं वाटू शकतं. बोलताना, चॅटवर, सहकाऱ्याच्या ईमेलमध्ये फ्रेजल व्हर्ब मोकळेपणानं वापरा. करार, तक्रार अर्ज, संशोधन निबंध यांत एकशब्दी क्रियापद बरं. 'कॅरी आउट' आणि 'पॉइंट आउट' मात्र औपचारिक लेखनातही छान बसतात.

सराव: आठवड्याला पाच, दिवसाला १५ मिनिटं

एका कार्डावर एकच जोडी, एकाच अर्थासह. 'टेक ऑफ'चे बूट काढणं आणि विमान उडणं हे दोन अर्थ दोन कार्डांवर. पुढच्या बाजूला मराठी वाक्य, तेही तुमच्या रोजच्या बोलण्यातलं. मागे तीन इंग्रजी ओळी: पहिलीत नाम, दुसरीत 'इट', तिसरीत भूतकाळ. उदाहरणार्थ पुढे 'पंखा बंद कर'. मागे 'टर्न ऑफ द फॅन', 'टर्न इट ऑफ', 'आय टर्न्ड इट ऑफ'. दुसरी ओळ कधी गाळू नका, चूक तिथेच होते.

सोमवारी कार्डं लिहा. मंगळवार ते शुक्रवार मराठी बाजू बघून इंग्रजी मोठ्यानं म्हणा, शब्द जोडून: 'टर्निटॉफ', 'पिकिटप', 'चेकिटाउट', 'पुटिटॉन'. इंग्रजी बोलणारे असेच जोडून म्हणतात. सुटं सुटं म्हणायची सवय असेल तर ऐकताना ते ओळखू येत नाही. शनिवारी मागच्या दोन आठवड्यांची दहा कार्डं पिसून घ्या. एखादं अडलं तर ते पुढच्या आठवड्याच्या पाचांत घाला आणि नवीन चारच घ्या. एकाच क्रियापदाची पाच शेपटं एका आठवड्यात घेऊ नका. 'पुट ऑफ, पुट ऑन, पुट आउट, पुट अप, पुट अवे' एकत्र शिकले की एकमेकांत मिसळतात. क्रियापदं वेगवेगळी आणि प्रसंग एक, म्हणजे एक आठवडा स्वयंपाकघराचा, एक प्रवासाचा, एक ऑफिसचा, असं ठेवलं की जास्त टिकतं.

आता ही वाक्यं कागदावर इंग्रजीत लिहून बघा. दूध संपलंय. त्यांनी लग्न पुढे ढकललं. मी त्याबद्दल चौकशी करतो. तो विषय काढू नकोस. गाडी घाटात बंद पडली. उद्या मला घ्यायला ये. ही शिळी भाजी संपवून टाक. तिनं ती नोकरी नाकारली, तिला ती नकोच होती.

उत्तरं. 'वी हॅव रन आउट ऑव्ह मिल्क.' 'दे पुट ऑफ द वेडिंग', किंवा 'पुट द वेडिंग ऑफ'. 'आय विल लुक इनटू इट', इथे 'इट' शेवटी. 'डोन्ट ब्रिंग इट अप.' 'द कार ब्रोक डाउन इन द घाट', घाट शब्द इंग्रजी शब्दकोशातही आहे. 'पिक मी अप टुमॉरो.' 'यूज अप द लेफ्टओव्हर्स.' शेवटच्याला 'शी टर्न्ड डाउन द जॉब, शी डिडन्ट वॉन्ट इट'. 'जॉब'च्या जागी 'इट' ठेवून पुन्हा लिहा. 'शी टर्न्ड इट डाउन' असं पहिल्याच झटक्यात आलं तर तिसरी पायरी तुम्हाला जमली. 'टर्न्ड डाउन इट' आलं तर दुसऱ्या गटाची कार्डं आणखी एक आठवडा समोर ठेवा.